पोरगा बेताल नव्हता!

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा बरा गातो. त्याच्या आजोबांची उमर गायन पार्टीत ढोलकी वाजवण्यात गेली, तेव्हा ठेका त्याच्या रक्तातच आहे असे आम्ही सारे समजत होतो. मागच्या वर्षी त्याने साठवलेल्या पैशांतून बिनवायरचा हेडफोन घेतला. खिडकीवर गोधडी टांगली, मोबाईलला माइक जोडला आणि घरीच गाणे ध्वनिमुद्रित केले.

ऐकायला बसलो तर काय! ढोलकी पुढे, पोरगा मागे. आजोबा एवढेच म्हणाले, "बाळा, तुझा ताल गेला." त्यानंतर आठवडाभर पोराने तोंड उघडले नाही.

दोष त्याचा नव्हता. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज सरळ कानात येत नाही. फोन आधी तो दाबून लहान करतो, तुकडे करून हवेतून पाठवतो. आवाज मध्येच तुटू नये म्हणून हेडफोन थोडा साठा करून ठेवतो आणि मग उलगडून ऐकवतो. या खटाटोपात साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. (१,००० मिलिसेकंद म्हणजे एक सेकंद.) मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. म्हणजे पोरगा जवळपास अर्धी मात्रा शिळी ढोलकी ऐकत होता आणि तिच्याशी बरोबर जुळवून गात होता!

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्या हिशोबाने २०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे ढोलकीवाला जवळजवळ ७० मीटर लांब बसवण्यासारखे आहे. १० मिलिसेकंद म्हणजे साडेतीन मीटर. तेवढ्या अंतरावर तर तो स्टेजवर बसतोच, त्याने कुणाचे बिघडत नाही.

पिक्चर पाहताना हे का कळत नाही? कारण फोन बहुधा चित्रही तेवढेच मागे ठेवतो. गाणाऱ्याला मागे ठेवता येत नाही.

काही अ‍ॅपमध्ये मुद्रित आवाज तेवढाच मागे सरकवण्याची सोय असते, त्याने गाणे जागेवर बसते. पण गाता गाता स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकायचा असेल तर ती सोय कामाची नाही. आपलेच शब्द २०० मिलिसेकंद उशिरा कानावर पडले की चांगल्या बोलणाऱ्याचीही जीभ अडखळते. आणखी एक खोड आहे. हेडफोनमधलाच माइक चालू केला की जुने ब्लूटूथ फोनवर बोलण्याच्या पद्धतीवर जाते आणि आवाजाचा दर्जा घसरतो.

मग बिनवायरचा घ्यायचाच नाही का? घ्या, पण पाहून. खोक्यावर 'लो लेटन्सी' लिहिले म्हणून भुलू नका. अ‍ॅपटेक्स लो लेटन्सी या पद्धतीत उशीर ४० मिलिसेकंदांच्या आसपास येतो, पण ती फोनमध्येही असावी लागते आणि बहुतेक फोनमध्ये ती नसते. स्वतःचा वेगळा ट्रान्समीटर असलेले हेडफोन त्याहून बरे. डेन्मार्कच्या एआयएआयएआय कंपनीचा टीएमए-२ स्टुडिओ वायरलेस प्लस १६ मिलिसेकंदांचा दावा करतो. काम चोख, किंमत मात्र आपल्या पगाराला न झेपणारी.

विकत घेण्याआधी दुकानातच परीक्षा करा. अ‍ॅपमध्ये टिकटिक लावा, हेडफोनची वाटी माइकला चिकटवून ती मुद्रित करा. मूळ टिकटिक आणि नवी यांतले अंतर पडद्यावर दिसते. हेच वायरच्या हेडफोनने पुन्हा करा. दोन्हींतला फरक तो बिनवायरपणाचा उशीर. दुकानदार कटकट करील, करू द्या, पैसे तुमचे आहेत.

माझे मत विचाराल तर मुद्रणाला वायरचाच हेडफोन, तोही कान पूर्ण झाकणाऱ्या बंद वाटीचा, म्हणजे ढोलकी बाहेर गळून माइकमध्ये शिरत नाही. फोनला गोल भोक नसेल तर सी-टाइपची छोटी जोडणी मिळते. ऑडिओ इंटरफेस असेल तर त्यावरचे 'डायरेक्ट मॉनिटर' चालू करा. मग तुमचा आवाज संगणकात फिरून न येता थेट कानात येतो.

पोराने वायरवाला घेतला आणि तेच गाणे पुन्हा गायले. आजोबा ऐकताना काही बोलले नाहीत, पण खाटेच्या माच्यावर त्यांची बोटे सुरू झाली. आता पोरगा कुरकुरतो ती एवढ्यासाठीच, की वायर खुर्चीच्या पायात अडकते.