हीटर कोर (मोटारगाडी)

हीटर कोर हा मोटारगाडीच्या डॅशबोर्डमागे, हवेच्या पेटीत बसवलेला लहान रेडिएटर होय. इंजिनात तापलेले कूलंट त्याच्या अरुंद नळ्यांतून वाहते आणि ब्लोअरने ढकललेली हवा त्यांवरून जाताना गरम होते. पूर्वी हा भाग तांब्या-पितळेचा असे. आता तो बहुधा ॲल्युमिनियमचा असतो.

बालाघाटाच्या पठारावरील धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात हिवाळ्यातील काही पहाटा सोडल्यास हीटरची गरज क्वचितच भासते. न वापरलेला भाग बिघडेल कसा, असे त्यामुळे वाटते. परंतु ते खरे नव्हे. अनेक गाड्यांत हीटर बंद असतानाही कूलंट कोरमधून वाहतच असते, बंद होते ती केवळ हवेची झडप. त्यातच कूलंट कमी झाले की बोअरचे क्षारयुक्त पाणी ओतण्याची सवय असली, तर नळ्यांत क्षारांचा थर साचतो, धातू गंजतो आणि गळती सुरू होते. पायाखालचा ओला गालिचा, गोडसर वास, समोरच्या काचेवर आतून येणारा तेलकट धुरकटपणा आणि बाहेर गळती न दिसता घटणारे कूलंट ही तिची लक्षणे होत. पाणी रंगहीन व वासहीन असेल, तर ते बहुधा एसीचे असते.

बदलण्याची पद्धत

सुटा भाग स्वस्त, पण त्याच्यापर्यंत पोहोचणे कष्टाचे, असे हे काम आहे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचे झाकण उघडावे. दाबाखालील तप्त द्रव उसळून गंभीर भाजते. बॅटरीची ऋण तार काढून, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत काही काळ विद्युतभार उरतो. नंतर कूलंट भांड्यात काढून इंजिनाकडील दोन रबरी नळ्या सोडवाव्यात. काही गाड्यांत कोर बाजूने सरकवून निघतो. काहींत संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. एसीच्या नळ्या सोडवाव्या लागत असतील, तर घरचे काम तेथेच थांबवून वायू प्रशिक्षित कारागिराकडून काढून घ्यावा. नवा कोर बसवताना रबरी कडी व क्लिपाही नव्या घ्याव्यात. शेवटी कूलंट, तयार मिश्रण नसल्यास डिस्टिल्ड पाणी मिसळून, भरावे आणि आतील हवा बाहेर काढावी. हवेचा बुडबुडा अडकला तर इंजिन तापते. पुष्कळदा दोष नव्या कोरला दिला जातो, तो असा.

काढलेले कूलंट उघड्यावर ठेवू नये. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड, पण विषारी असते. मुले व जनावरे ते पिऊ शकतात. ते पोटात गेल्याचा संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

कोर वगळणे

खर्च टाळण्यासाठी दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून कोर वगळण्याचाही मार्ग आहे. तात्पुरता उपाय म्हणून तो चालतो, मात्र काचेवरील बाष्प घालवणारी गरम हवा त्यामुळे मिळत नाही. आणखी एक गोष्ट गमवावी लागते. सोलापूरहून तुळजापूरचा घाट चढताना भर उन्हात इंजिन तापू लागले, तर एसी बंद करून हीटर पूर्ण वेगाने लावल्यास इंजिनाची काही उष्णता बाहेर पडते आणि सुरक्षित जागा गाठण्यापुरता अवधी मिळतो. आत बसणाऱ्यांचे हाल होतात, हे खरे. पण कूलंट पुरेसे असेल तरच हा उपाय लागू पडतो. काटा तरीही लाल खुणेकडे सरकत राहिला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे.