गेम कन्सोलचा 'डोळा' जपा!

प्रतिनिधी

मुलांच्या परीक्षा संपतात, सुट्टी लागते आणि टीव्हीखालच्या कपाटात वर्षभर पडून असलेला व्हिडिओ गेम कन्सोल बाहेर निघतो. डिस्क आत सरकवली जाते. क्षणभर घरघर ऐकू येते आणि पडद्यावर अक्षरे उमटतात : 'डिस्क रीड एरर'. मग डिस्क बाहेर काढून शर्टाच्या टोकाने पुसली जाते, कन्सोल उभा-आडवा करून पाहिला जातो, कुणी तरी त्याला एक चापटही मारते. शेवटी तो पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात नेला जातो आणि तेथे 'लेन्स गेली' असा निवाडा होतो.

लेन्स दरवेळी खरोखरच गेलेली असते, असे मात्र नाही. अनेकदा ती फक्त मळलेली असते. ती मळते ती आपल्याच घरातील धूळ, धूर आणि दमट हवेमुळे. म्हणूनच हा बिघाड झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा तो टाळणे अधिक सोपे आणि स्वस्त आहे. त्यासाठी हे यंत्र डिस्क वाचते तरी कसे, एवढे समजून घ्यायला हवे.

डिस्कची किंमत आता वाढली

एका जुन्या खेळण्याची एवढी काळजी कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. सोनी कंपनीचा 'प्लेस्टेशन टू' ४ मार्च २००० रोजी जपानमध्ये बाजारात आला आणि पुढे त्याची साडेपंधरा कोटींहून अधिक नगांची विक्री झाली. त्याचे उत्पादन २०१३ पर्यंत थांबले. जपानमध्ये कंपनीने त्याची दुरुस्तीसेवाही २०१८ मध्ये बंद केली. आज घरात असलेला संच बिघडला, तर नवा मिळणार नाही. जुना संच किंवा सुटे भाग शोधत फिरणे एवढाच मार्ग उरतो.

गेमचेही तसेच आहे. 'व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन' या अमेरिकी संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आता अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. 'एक्सबॉक्स ३६०' या कन्सोलवरून गेम विकत घेण्याचे ऑनलाइन दुकानही जुलै २०२४ मध्ये बंद झाले. 'हनुमान : बॉय वॉरियर' आणि 'देसी अड्डा' हे भारतात तयार झालेले गेम २००९ मध्ये प्लेस्टेशन टूसाठी आले, तेही डिस्कवरच. अशा गेमच्या मालकाकडे खेळाचे जे काही आहे, ते त्या बारा सेंटिमीटरच्या चकतीत आणि ती वाचणाऱ्या एका लहानशा भिंगात सामावलेले आहे.

यंत्र वाचते कसे?

डिस्कवरील माहिती अतिसूक्ष्म खड्ड्यांच्या रूपात, आतून बाहेर जाणाऱ्या एका सर्पिल रेषेत कोरलेली असते. डीव्हीडीवर या रेषेचे दोन वेढे एकमेकांपासून अवघ्या ०.७४ मायक्रोमीटरवर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी अंतरावर असतात. डिस्कखालच्या भिंगातून लेसरचा झोत या रेषेवर पडतो. परतून आलेल्या प्रकाशातील चढउतारांवरून यंत्र माहिती ओळखते. डिस्क मिनिटाला शेकडो ते हजारो फेरे घेत असते आणि किंचित डुलतही असते. म्हणून चुंबकीय कुंडल्या भिंगाला सतत वर-खाली आणि आजूबाजूला हलवून झोत रेषेवर धरून ठेवतात.

आता धुळीचा विचार करू. डीव्हीडीवरील माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असतो. झोत पृष्ठभागातून शिरतो तेव्हा तो सुमारे अर्धा मिलिमीटर रुंद असतो आणि आत जाऊन एका बिंदूवर एकवटतो. खिडकीच्या काचेवर ठिपका पडला, तरी बाहेरचे दृश्य दिसतेच. त्याचप्रमाणे डिस्कवरचे लहानसहान कण यंत्राला फारसे अडवत नाहीत. शिवाय थोडी माहिती हुकली, तरी गणिती पद्धतीने ती भरून काढण्याची सोय डिस्कच्या रचनेतच केलेली असते.

भिंगावरील थराचे तसे नाही. डिस्कचा डाग फिरून पुढे जातो, भिंगावरचा थर मात्र प्रत्येक क्षणी वाटेत असतो. त्यातून जाताना आणि परतताना अशी दोनदा प्रकाशाची घट होते. म्हणूनच सगळ्याच डिस्क अडू लागल्या, तर संशय भिंगावर घ्यावा. एकच डिस्क अडत असेल, तर दोष बहुधा त्या डिस्कचा असतो. ही साधी चाचणी दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरीच करता येते.

प्लेस्टेशन टूच्या बाबतीत आणखी एक खूण उपयोगी पडते. या कन्सोलचे काही गेम सीडीवर, तर बहुतेक डीव्हीडीवर आले. सीडीची खालची बाजू निळसर, तर डीव्हीडीची रुपेरी असते. सीडीसाठी ७८० आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर लागतो. त्यामुळे निळ्या डिस्क चालतात आणि रुपेरी अडतात, किंवा याच्या उलट घडते, तेव्हा दोष बहुधा वाचनयंत्रात असतो.

घरातच दडलेले शत्रू

भिंगाचे तोंड वर असते. साहजिकच पंख्याने आत ओढलेली धूळ त्यावरच बसते. नुसती धूळ तशी फुंकरीने उडेल. पण उदबत्तीचा धूर, सिगारेटचा धूर आणि फोडणीची तेलकट वाफ तिच्याशी मिसळली, की चिकट थर तयार होतो. आपल्याकडे दिवाणखान्याला लागूनच स्वयंपाकघर असते आणि देव्हाराही अनेकदा तेथेच. टीव्हीचे कपाट या दोहोंच्या मध्ये आले, तर भिंग लवकर मळणारच.

मळलेल्या भिंगाचा फटका मोठ्या कंपन्यांनाही बसला आहे. निनटेंडोच्या 'वी' कन्सोलसाठी २००८ मध्ये 'सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल' हा गेम दुहेरी थराच्या डिस्कवर आला. इतर गेम व्यवस्थित वाचणारे काही संच या डिस्कपाशी अडले. कारण निघाले भिंगावरचा मळ. कंपनीने असे संच विनामूल्य स्वच्छ करून देण्याची तयारी दाखवली.

दुसरा शत्रू म्हणजे दमटपणा. मुंबईच्या आणि कोकणाच्या पावसाळ्यात तो विशेष जाणवतो. वातानुकूलित खोलीतील थंडगार कन्सोल बाहेरच्या दमट खोलीत आणला, की चष्म्यावर धुके जमावे तशी भिंगावर वाफ जमते. अशा वेळी डिस्क काढून घ्यावी आणि कन्सोल बंद ठेवून काही तास थांबावे. वाफ आपोआप सुकते. ओल्या भिंगाने पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ नाही.

तिसरा शत्रू उष्णता. सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनच्या सुरुवातीच्या नमुन्यांत वाचनयंत्र वीजपुरवठ्याच्या शेजारी होते आणि भिंग सरकवणारी चौकट प्लास्टिकची होती. उष्णतेने आणि वापराने ती झिजली, की वाचनात अडथळे येत. काही जण तर कन्सोल चक्क उलटा ठेवून खेळत! पुढच्या नमुन्यांत ही रचना बदलली. तरीही बंद कपाटात कोंबलेला, वर मासिकांचा गठ्ठा ठेवलेला कन्सोल आजही तापतोच.

चालता कन्सोल हलवू नका

वेगाने फिरणारी डिस्क म्हणजे एक भोवराच. ती फिरत असताना कन्सोल आडव्याचा उभा केला, तर डिस्क कलते आणि आतील भागाला घासते. मग डिस्कवर वर्तुळाकार चरा उमटतो. एक्सबॉक्स ३६० च्या बाबतीत या तक्रारी एवढ्या झाल्या, की प्रकरण अमेरिकेत न्यायालयात गेले. २०१७ मध्ये ते तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. अर्थात त्या निकालाचा विषय अपिलाच्या कार्यपद्धतीपुरता होता. प्लेस्टेशन टूवरील 'डिस्क रीड एरर'बद्दलही २००२ मध्ये कॅलिफोर्नियात सामूहिक दावा दाखल झाला होता आणि तो पुढे तडजोडीने मिटला. थोडक्यात, दोष नेहमी वापरणाऱ्याचाच असतो असे नाही. पण सावधगिरी मात्र वापरणाऱ्याच्याच हातात असते.

वर्तुळाकार चरा अधिक घातक का? कारण तो माहितीच्या रेषेच्या दिशेनेच धावतो. सलग मोठा भाग नष्ट झाला, की दुरुस्तीचे गणित तोकडे पडते. केंद्राकडून कडेकडे गेलेला चरा प्रत्येक वेढ्याला क्षणभरच छेदतो आणि तेवढी हानी भरून काढता येते. डिस्क गोल गोल न पुसता मध्यातून बाहेर सरळ रेषेत पुसावी, असे सांगतात ते याच कारणाने.

डिस्क घासून गुळगुळीत करून देणारी यंत्रे असतात. सीडी आणि डीव्हीडीच्या वरवरच्या चऱ्यांवर त्यांचा उपयोग होतो. ब्लू-रे डिस्कला मात्र तो उपाय चालत नाही, कारण तिच्या माहितीवरील आवरण अवघे ०.१ मिलिमीटर जाडीचे असते. सीडीची छापील बाजूही नाजूक. माहितीचा थर तिच्याच लगत असल्याने त्या बाजूचा खोल ओरखडा दुरुस्त होत नाही.

दुकानात जाण्यापूर्वी

भिंगाची सफाई करताना आधी छायाचित्रकार वापरतात तो रबरी हवेचा फुगा वापरून पाहावा. तोंडाने फुंकर मारू नये, तिच्यासोबत थुंकीचे कण जातात. चिकट थरासाठी कापसाच्या काडीवर किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन अलगद पुसावे लागते. पण त्यासाठी कन्सोल उघडावा लागत असेल, तर ते काम जाणकाराकडेच सोपवावे. भिंग नाजूक तारांवर तोललेले असते आणि लेसरचा झोत डोळ्यांना घातक असतो. ब्रश लावलेल्या 'क्लीनिंग डिस्क' सरसकट वापरू नयेत. निर्मात्याच्या माहितीपुस्तिकेत परवानगी असेल, तरच त्या वापराव्यात.

दुरुस्ती करताना दोन गोष्टींवर लक्ष ठेवावे. पहिली, लेसरचा 'पॉवर' वाढवण्याची युक्ती. जुन्या वाचनयंत्रांत एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला, की लेसरला जास्त वीज मिळते आणि अडलेली डिस्क चालू लागते. ग्राहक खूश होतो. पण क्षीण झालेला लेसर जास्त विजेने अधिक लवकर संपतो. मळलेले भिंग न पुसता स्क्रू फिरवणे म्हणजे काच धुण्याऐवजी दिव्याची वात वाढवण्यासारखे आहे. त्यामुळे आधी सफाई, मग सरकपट्टीचे सुकलेले ग्रीस बदलणे आणि त्यानंतरच पुढचे उपाय, असा क्रम दुकानदाराकडे आग्रहाने मागावा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. प्लेस्टेशन थ्री, प्लेस्टेशन फोर, एक्सबॉक्स ३६० आणि एक्सबॉक्स वन यांचा डिस्क ड्राइव्ह त्या त्या संचाच्या मुख्य सर्किटशी जोडीने बांधलेला असतो. संपूर्ण ड्राइव्ह बदलला, तर गेम चालत नाहीत. अशा वेळी ड्राइव्हचे मूळ सर्किट कायम ठेवून बिघडलेला भागच बदलावा लागतो. जुना ड्राइव्ह दुकानात सोडून येऊ नये, तो एवढ्यासाठीच.

नव्या कन्सोलमध्ये गेम आधी आतील साठ्यात उतरवून घेतला जातो, त्यामुळे भिंगावरचा भार कमी झाला आहे. तरीही डिस्कवरचा गेम सुरू करताना डिस्क आत आहे की नाही, हे यंत्र तपासतेच. ड्राइव्ह बंद पडला, की साठ्यात असलेला गेमही उघडत नाही.

हे करा

- कन्सोलच्या चहूबाजूंनी हवा खेळती ठेवा. देव्हारा आणि स्वयंपाकघरापासून तो दूर ठेवा.
- खेळून झाल्यावर डिस्क काढून डबीत ठेवा आणि ट्रे बंद करा.
- वापर नसताना कन्सोलवर सुती कापड टाका. चालू करण्यापूर्वी ते आठवणीने काढा.
- डिस्क कडेला आणि मधल्या छिद्राला धरा. चष्मा पुसण्याच्या मऊ कापडाने मध्यातून बाहेर पुसा.

हे टाळा

- डिस्क फिरत असताना कन्सोल हलवणे, फिरवणे किंवा त्याचा वीजपुरवठा तोडणे.
- डिस्कवर थिनर, पेट्रोल किंवा टूथपेस्ट चोळणे.
- डिस्क उन्हात उभ्या मोटारीत ठेवणे. ती वाकते.
- डिस्कवर कागदी लेबल चिकटवणे. तिचा तोल जातो.
- मधल्या छिद्रापाशी तडा गेलेली डिस्क वापरणे. वेगात ती फुटू शकते.

यातील एकाही उपायाला फारसा खर्च नाही. एका कापडाची, एका फुग्याची आणि खेळ संपल्यावर अर्ध्या मिनिटाची गरज आहे. मुलांना कन्सोल हाती देतानाच ही सवय लावली, तर पुढच्या सुट्टीत तो कपाटातून निघेल तेव्हा पडद्यावर 'एरर'ऐवजी खेळच दिसण्याची शक्यता बरीच वाढेल.