चिंगीचे सहा आठवडे

ऐका रे पोरांनो. तुमच्या बाबाने काल चाकणहून आणलेलं हे पिलू आता आपलं झालं. नावही तुम्ही ठेवून मोकळे झालात, चिंगी. छान आहे, हाक मारायला सुटसुटीत आहे. आता तिची गोष्ट सांगतो. ती आजच सांगायला हवी, कारण अजून सहा-एक आठवड्यांनी हिच्या मेंदूत एक बदल पुरा होणार आहे, आणि तो व्हायच्या आत आपल्याला बरीच कामं उरकायची आहेत.

हिचं वय कसं ओळखायचं? जांभई देईल तेव्हा तोंडात बघा. वर-खाली मिळून 28 दात आहेत, बारीक आणि अणकुचीदार. दुधाचे सगळे दात आले म्हणजे ही दोन महिन्यांच्या आसपास. हिची आई चाकण-तळेगाव रस्त्यावर कंटेनरखाली गेली आणि भावंडं पांगली. कॅन्टीनच्या मागे ही एकटीच उरली होती. भावंडं सोबत नव्हती हे ध्यानात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

जन्मली तेव्हा चिंगीला दिसत नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं. कुत्र्याच्या पिलाचे डोळे साधारण दोन आठवड्यांनी उघडतात, कान त्यानंतर थोड्याच दिवसांत. हिचा पूर्वज लांडगा, त्याचं पिलूही असंच आंधळं-बहिरं जन्माला येतं. मग एक लांडगा होतो आणि एक आपल्या पायाशी झोपतं, हे कसं? कॅथरिन लॉर्ड नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी दोन्हींची पिलं लहानपणापासून शेजारी ठेवून पाहिली आणि 2013 मध्ये उत्तर मांडलं. लांडग्याचं पिलू दोन आठवड्यांचं होतं न होतं तोच, कान-डोळे धड चालत नसताना, नुसत्या नाकाच्या भरवशावर हिंडू लागतं. पुढे कान उघडतात तेव्हा प्रत्येक आवाज त्याला दचकवतो, मग नजर स्वच्छ होते आणि दिसणाऱ्या गोष्टी दचकवतात. कुत्र्याचं पिलू चार आठवड्यांपर्यंत आईच्या कुशीत पडून राहतं. ते बाहेर येतं तेव्हा नाक आणि कान दोन्ही तयार असतात. माणसाचा वास आणि माणसाचा आवाज बरोबरच आत जातो आणि तिथेच ओळख पटते. दोन आठवड्यांचा उशीर, बाकी काही नाही! निसर्गाने केवढं मोठं काम एवढ्याशा फरकात उरकलं बघा.

पण ही ओळख करून घ्यायची मुदत ठरलेली असते. ती शोधली अमेरिकेतल्या मेन राज्यात, बार हार्बर गावच्या जॅक्सन प्रयोगशाळेत. तिथे काही पिलांना एक एकराच्या उंच कुंपणाआड, आईजवळच पण माणसाच्या दृष्टीआड वाढवलं. खाणंसुद्धा कुंपणाच्या फटीतून सरकवायचे, म्हणजे माणूस दिसायलाच नको. मग कुणाला दोन आठवड्यांचं असताना, कुणाला तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात, फक्त एका आठवड्यासाठी माणसांत आणलं आणि पुन्हा कुंपणाआड सोडलं. काही पिलांना चौदा आठवडे अजिबातच आणलं नाही. शेवटी सगळ्यांची परीक्षा झाली. पाच ते नऊ आठवड्यांच्या दरम्यान माणसांत आलेली पिलं माणसाळली. ज्यांनी चौदा आठवडे माणूस पाहिलाच नव्हता, ती रानटी जनावरांसारखी वागत होती. त्यातल्या एकाला पुढे तीन महिने हाताने भरवलं, कुरवाळलं, तरी ते फारसं बदललं नाही. 1961 मध्ये हे छापून आलं.

मी भोसरीच्या फाउंड्रीत आयुष्य काढलं. भट्टीतला रस साच्यात ओतायचा तो गरम असतानाच. थिजल्यावर त्याला कितीही समजावा, आकार घेत नाही. पिलाचं मन तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत असं ओतीव असतं. या काळात जे जे भेटेल आणि त्रास देणार नाही, ते ते आपलं. नंतरही शिकवता येतं, पण मग वेळ फार लागतो.

म्हणून मोशीच्या आपल्या या सोसायटीतलं हिचं जग आता पटापट दाखवायचं. कुकरची शिट्टी, मिक्सर, लिफ्टचं दार. हेल्मेट घातलेला माणूस, कारण हेल्मेट चढवलं की चेहरा नाहीसा होतो आणि पिलाला तो माणूसच वाटत नाही. पावसाळा आहे, तेव्हा रेनकोट आणि छत्री. युनिफॉर्ममधला वॉचमन, काठी टेकत येणाऱ्या शेजारच्या आजी, रांगणारं बाळ, पहाटे कामगारांना घ्यायला येणारी कंपनीची बस. प्रत्येक वेळी लांबून दाखवायचं आणि त्याच क्षणी काहीतरी चांगलं खायला द्यायचं. ती स्वतः पुढे गेली तर जाऊ द्यायचं, ओढायचं नाही.

आता तुम्ही विचाराल, डॉक्टर तर म्हणाले की लसी पुऱ्या होईपर्यंत बाहेर नेऊ नका. त्यांचं खरं आहे. पार्व्होचा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून जमिनीत जातो आणि तिथे महिनोन् महिने टिकतो. पिलांच्या लसी तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चालतात, त्या साधारण चौथ्या महिन्यापर्यंत. तोवर थांबलो तर शिकायची मुदत निघून जाते. मधला मार्ग असा की चिंगीला कडेवर घेऊन फिरायचं. डोळ्यांना, कानांना आणि नाकाला सगळं मिळू दे, पाय मात्र रस्त्यावर टेकू द्यायचे नाहीत.

आता चावणं. सकाळपासून हिने तुमच्या बोटांना आणि पँटीच्या टोकांना सोडलेलं नाही. भावंडांचा संबंध येतो तो इथे. पिलं एकमेकांशी दंगा करताना जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. चावणाऱ्याला कळतं, एवढा जोर लावला की मजा संपते. जबड्याचा जोर मोजायला पिलू असं शिकतं. हिची ही शाळा अर्ध्यावर सुटली, ती आता आपण चालवायची. दात लागला की हात सैल सोडायचा, खेळ थांबवायचा, उठून तोंड फिरवायचं. थोडा वेळ काहीही नाही, मग पुन्हा खेळ. हात झटकलात किंवा किंचाळत पळालात तर तिला वाटेल हा तर आणखी चांगला खेळ. आणि एक गोष्ट निक्षून सांगतो. ही रस्त्यावरून आली आहे, रेबीजची लस अजून व्हायची आहे. दाताने नुसता ओरखडा उठला तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, लगेच मोठ्यांना सांगायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. लपवायचं नाही. इथे कुणीही रागावणार नाही.

चौथ्या महिन्यात हे 28 दात पडू लागतील आणि सातव्यापर्यंत 42 पक्के दात येतील. तेव्हा हिरड्या शिवशिवतात. चपला आधीच कपाटात गेलेल्या बऱ्या. चपलेला आपला वास सगळ्यात दाट असतो, म्हणून ती तिला सगळ्यात आवडते, त्यात सूड वगैरे काही नसतो. गाठ मारलेलं ओलं फडकं फ्रीजरमध्ये ठेवून चघळायला द्या.

शी-शूचं गणित तर सोपं आहे. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर, या तीन वेळा साधल्या की अर्धं काम झालं. उचलून गच्चीतल्या ठरलेल्या कोपऱ्यात न्यायचं, झालं की तिथल्या तिथे शाबासकी आणि खाऊ. तिथल्या तिथे म्हणजे पुढच्या एक-दोन सेकंदांत. घरात येऊन डबा उघडून दिलात तर तिच्या हिशेबी तो खाऊ घरात आल्याबद्दलचा. फरशीवर झालं तर गुपचूप पुसा. नुसतं फिनाईल टाकलं की आपल्या नाकाला वास गेलासा वाटतो, तिच्या नाकाला खालचा वास कळतच राहतो आणि ती पुन्हा तिथेच जाते. म्हणून जागा नीट धुवून घ्या.

शेजारचे काका म्हणतील, नाक घासा तिथे, एक रट्टा द्या, बघा कशी अपराध्यासारखी मान घालते. तिला कळतं सगळं! नाही रे. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी हेच तपासलं. कुत्र्यासमोर खाऊ ठेवायचा, मालकाने ‘खायचं नाही’ म्हणून खोलीबाहेर जायचं, आणि परत आल्यावर त्याला कधी खरं, कधी खोटं सांगायचं की कुत्र्याने खाऊ खाल्ला. 2009 मध्ये निष्कर्ष आला. मान घालणं, नजर चुकवणं, हे कुत्र्याने चूक केली होती की नाही यावर अवलंबूनच नव्हतं. मालक रागावला की ते होत होतं. काहीही न खाल्लेला निरपराध कुत्रासुद्धा, उलट अधिकच, मान घालत होता. आपण ज्याला पश्चात्ताप म्हणतो, ती ‘रागावू नका’ अशी विनवणी असते. त्या विनवणीवर हात उगारणं मला सहन होत नाही, या घरात ते होणार नाही.

मग भुंकणं? त्याची चावी 1898 सालीच हाती आली होती. एडवर्ड थॉर्नडाईक यांनी मांजरांना पेटीत ठेवून दाखवलं की ज्या हालचालीने फायदा होतो, ती जनावर पुन्हा करतं. आता बघा, दारावर पार्सलवाला येतो, कुत्रं भुंकतं, पार्सलवाला जातो. तो जाणारच असतो, पण कुत्र्याला वाटतं आपण घालवला. रोज जिंकणारा भुंकणं का सोडेल? एमआयडीसीत रात्री दुसऱ्या पाळीवरून सुटणाऱ्या मोटरसायकलींच्या मागे कुत्री लागतात, त्यातही हाच हिशेब असतो. पळणाऱ्या वस्तूमागे धावणं रक्तात आहेच, वर गाडी दर वेळी पळून जाते आणि विजय पक्का होतो. बाबाला विचारा, तो वेग कमी करतो, कधी थांबतोच. पळणारी गोष्ट थांबली की पाठलागात राम उरत नाही. दारावरच्या बेलचं आपण असं करू. बेल वाजली की चिंगीने तिच्या पोत्यावर जायचं, तिथे खाऊ. सुरुवातीला बेल तुमच्यातल्याच एकाने वाजवायची. आणि जेवताना ताटातलं कुणीही टाकायचं नाही, कधीतरीसुद्धा नाही. दहा वेळा नाही म्हणून अकराव्या वेळी चपातीचा तुकडा दिला, तर ती अकरा वेळा मागायला शिकते. कांदा, मनुका, चॉकलेट तर तिच्या आसपासही नकोत, ते तिला विष आहे.

फायद्याचा हाच धागा किती दूर जातो, त्याची गोष्ट आपल्या पुण्यातली आहे. शिवाजीनगरला गुन्हे अन्वेषण विभागाचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे जंजीर नावाचा एक लॅब्रॅडॉर तयार झाला आणि मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात गेला. मार्च 1993 च्या स्फोटांनंतर मुंबईत आणि आसपास दडवलेली स्फोटकं त्याने हुंगून काढली. त्याच्या नावावर तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स आहे. त्यामुळे किती घरं वाचली असतील! नोव्हेंबर 2000 मध्ये तो हाडांच्या कर्करोगाने गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. अशा कुत्र्यांना बॉम्ब म्हणजे काय हे ठाऊक नसतं. हा वास सापडला की आपला माणूस खूश होतो आणि चेंडू किंवा खाऊ मिळतो, एवढंच त्यांना शिकवलेलं असतं.

आणि चिंगी कुठल्या जातीची नाही म्हणून हिरमुसू नका. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांचे विद्यार्थी आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचाच अभ्यास करतात. 2017 मध्ये त्यांनी दाखवलं की अनोळखी माणसाने वारंवार खाऊ देण्यापेक्षा वारंवार कुरवाळलं, तर या कुत्र्यांचा विश्वास जास्त बसतो. हजारो वर्षं माणसाच्या उंबऱ्याशी राहिलेलं हे जनावर आहे.

बाबाची पाळी दर आठवड्याला बदलते, ती चिंगीला कळणार नाही. म्हणून तिच्या जेवणाची आणि फिरण्याची वेळ घरात जो असेल त्याने सांभाळायची, ती पाळीप्रमाणे हलवायची नाही. एकटं राहायलाही आत्तापासून शिकवू. आधी दाराबाहेर जाऊन लगेच परत यायचं, मग मिनिटभर, मग पाच मिनिटं. ती रडायच्या आत परत यायचं.

आणि उद्यापासून आणखी एक काम. गणपतीसाठी ढोलपथकांचे सराव नदीकाठच्या मैदानात सुरू झाले आहेत. संध्याकाळी चिंगीला कडेवर घेऊन मैदानापासून इतकं लांब उभं राहायचं की ढोल जेमतेम ऐकू येईल. उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे एकेक करून द्यायचे. खात राहिली तर दुसऱ्या दिवशी थोडं जवळ जायचं. कान मागे गेले, शेपूट आत गेली किंवा तुकडा तोंडात घ्यायचा थांबली, तर काही न बोलता मागे फिरायचं, आणि ती पुन्हा खाऊ लागेल तिथे त्या दिवशी थांबायचं.