रिकाम्या हातांचे उद्योग

मुलगी लग्न होऊन अमेरिकेला गेली की इकडे तिच्या आईला दोन प्रश्नांची उत्तरे तयार ठेवावी लागतात. "जावई काय करतात?" हा पहिला. त्याचे उत्तर आई मान ताठ करून देते. कंपनीचे नाव, गावाचे नाव, आणि विचारणारी अगदी जवळची असेल तर पगाराचा आकडासुद्धा. "आणि लेक?" हा दुसरा. येथे बहुतेक आया अडखळतात. "ती सध्या घरीच आहे. परवाना यायचाय तिचा," असे म्हणून फराळाचे ताट पुढे सरकवतात. विचारणारीला तो मोटार चालवण्याचा परवाना वाटतो आणि विषय तेथेच मिटतो.

मोटारीचा परवाना तर महिन्या-दोन महिन्यांत मिळतो. हा परवाना असतो काम करून चार पैसे मिळवण्याचा, आणि त्याच्यासाठी आपल्या कितीतरी शिकलेल्या मुली तेथे वर्षानुवर्षे थांबून राहिल्या आहेत.

प्रकार असा आहे. नोकरीसाठी जाणाऱ्या आपल्याकडच्या अभियंत्याला जो व्हिसा मिळतो तो एच-१बी, आणि त्याच्या बायकोचा एच-४. (बायको कमावती आणि नवरा एच-४वर, अशीही घरे आहेत, पण थोडी.) एच-४वर तिला तेथे राहता येते, शिकता येते, नवऱ्याबरोबर बँकेत खाते काढता येते. फक्त कमावता येत नाही. एच-१बी १९९०च्या कायद्याने आला, तेव्हापासून २०१५ पर्यंत ग्रीन कार्डाची पाळी जवळ येईतो किंवा स्वतःचा नोकरीचा व्हिसा मिळेतो तिला दुसरा मार्गच नव्हता. २६ मे २०१५ पासून थोडी सवलत मिळाली. नवऱ्याच्या मालकाने त्याच्या ग्रीन कार्डासाठी केलेला आय-१४० नावाचा अर्ज मंजूर झाला, की बायकोला कामाचा परवाना मागता येतो. पण हा आय-१४० कधी करायचा हे मालकाच्या मर्जीवर. त्याआधी मजूरखात्याचा दाखला, तो येण्यात वर्ष-दीड वर्ष, मग आय-१४०, मग तिचा अर्ज, मग पुन्हा काही महिने.

आणि ग्रीन कार्डाचीच वाट पाहावी म्हटले, तर त्याची रांग आणखी लांब. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डे निघतात, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यांतली सात टक्क्यांहून अधिक सहसा मिळत नाहीत. देश चिमुकला असो की आपल्याएवढा अवाढव्य, वाटा तेवढाच. त्यामुळे २०२५च्या मध्यावर भारतीयांच्या एका मोठ्या वर्गात २०१३च्या आरंभी अर्ज केलेल्यांचा नंबर लागत होता. तेव्हा हा प्रश्न कागदावर सगळ्या जगाचा असला, तरी प्रत्यक्षात तो आपल्याच घरातला आहे. २०१५ पासून २०१७ अखेरपर्यंत सुमारे ९१,००० जणांना हा परवाना पहिल्यांदा मिळाला. त्यांत शंभरात ९३ भारतात जन्मलेले होते, आणि शंभरात ९३ बायका होत्या.

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत एडिसनला राहते. २०२४च्या मे महिन्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हातावेगळे केले आणि मी पाच आठवडे तिच्याकडे जाऊन राहिले. पुण्यात ती सात वर्षे एका संगणकाच्या कंपनीत होती. तेव्हा तिच्या हाताखाली अकरा माणसे होती. एडिसनला तिच्या हाताखाली भांडी धुण्याचे एक यंत्र होते.

मेहुणे साडेसातला घर सोडत ते संध्याकाळी सहाला येत. मधल्या साडेदहा तासांत काय करायचे, हा त्या घराचाच नव्हे, तर त्या सबंध इमारतीचा प्रश्न होता. दुपारी अडीच वाजता चार-पाच मराठी बायका कुणा एकीकडे जमत. एक नागपूरची, इंग्रजीची एम.ए. एक नाशिकची, दंतवैद्य. एक कोल्हापूरची, चार्टर्ड अकाउंटंट. सांगलीच्या बँकेतून राजीनामा देऊन बायकोपाठोपाठ आलेले एक गृहस्थही होते. पण ते फक्त डबा परत करायला दारापर्यंत येत आणि "बसा ना" म्हटले की लगबगीने जिना उतरत. बायकांना निदान बैठक तरी होती. त्यांना तीही नव्हती.

प्रत्येकीने आपापल्या परीने दिवसाला काही आकार दिला होता. नागपूरच्या बाई आठवड्यातून दोनदा सार्वजनिक वाचनालयात नवागतांच्या फुकट इंग्रजी वर्गाला जात. तो वर्ग त्यांनी शिकवावा इतके त्यांचे इंग्रजी चांगले. पण तेथे वीस माणसे भेटतात आणि कुणीतरी हजेरी घेते, एवढ्यासाठी त्या विद्यार्थिनी होऊन बसत. अखेर शिक्षिकेच्या ते ध्यानात आले आणि तिने त्यांना मदतनीस करून घेतले. पगार नाही, म्हणून चालते. दंतवैद्यबाई क्रोशाचे काम करीत. त्यांच्या घरी टेबलावर, खुर्च्यांवर, दूरचित्रवाणीच्या संचावरही जाळीदार रुमाल पसरलेले. मला वाटले आवड असेल. त्या म्हणाल्या, "आवड कसली? बोटं जड होतात हो. परत कधी कुणाच्या दाताला हात लावायची वेळ आली, तर थरथरायला नकोत." अकाउंटंटबाई तिथल्या मराठी मंडळाचा जमाखर्च पाहत, सेंटाचा सेंट लावून. आणि माझी बहीण दर रविवारी मराठी शाळेत मुलांना बाराखडी शिकवत असे.

या मराठी शाळांबद्दल दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण त्या माझ्या पेशाच्या जवळच्या आहेत. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली उत्तर अमेरिकेत गावोगावी अशा शाळा चालतात. तिकडच्या नातवंडांना मराठी येते म्हणून आपण कौतुक करतो. ते ज्यांच्यामुळे येते त्यांत ज्यांना दुसरे काही करायची मुभा नाही अशा बायका बऱ्याच आहेत, हे मला तेथे जाईपर्यंत कुणी सांगितले नव्हते.

शिकायला परवानगी आहे, मग शिकत का नाहीत, असे कुणी विचारील. काहीजणी शिकतातही. परंतु तिथल्या विद्यापीठाची फी म्हणजे नवऱ्याच्या पगारातला मोठा लचका, आणि पदवी हाती आली तरी एच-४वर नोकरी धरता येत नाही ती नाहीच. पुण्याच्या कंपनीचे काम घरी बसून करावे, तर वकील म्हणाला, त्या भानगडीत पडू नका.

आमच्या भाषेत थांबण्याला शब्द पुष्कळ. वाट पाहणे म्हणजे कुणीतरी येणार याची खात्री आहे. खोळंबणे म्हणजे दुसऱ्यापायी आपले काम अडले आहे. आणि ताटकळणे म्हणजे पाय दुखू लागले, तरी जागा सोडता येत नाही. वर्गात बोलायची सवय, म्हणून मी हे त्या दुपारच्या बैठकीतही बोलून गेले. अकाउंटंटबाई शांतपणे म्हणाल्या, "आमचं अगदी क्रमानं झालंय, ताई. पहिल्या वर्षी वाट पाहिली. दुसऱ्या वर्षी खोळंबलो. आता ताटकळलोय."

त्यांचे ताटकळणे दुसऱ्यांदाचे होते. त्यांना २०१८ मध्ये परवाना मिळाला होता, नोकरीही लागली होती. पण या परवान्याची मुदत नवऱ्याच्या आणि स्वतःच्या व्हिसाच्या मुदतीला बांधलेली; फार तर तीन वर्षे. २०१९ पासून एच-४च्या मुदतवाढीसाठी बोटांचे ठसे देणे सक्तीचे झाले, पुढल्या वर्षी कोरोनाच्या साथीत ठसे घेणाऱ्या कचेऱ्या बंद पडल्या, आणि हजारो अर्ज तुंबून राहिले. नवऱ्याचे कागद होत, बायकोचे मागे राहत. यांचा नवा परवाना जुना संपण्याआधी आला नाही. मालकाने दोन महिने जागा राखली, मग दुसरा माणूस घेतला. ठशांची ती अट पुढे मे २०२१ मध्ये स्थगित झाली. तोवर यांची खुर्ची गेली होती. दरम्यान घरात बाळ आले. "वेळेचा प्रश्न सुटला," असे त्या हसून म्हणाल्या खऱ्या. पण ते हसणे मला काही बरे वाटले नाही.

त्याच इमारतीत समोरच्या दारी एक तरुणी रोज सकाळी पर्स अडकवून कामावर जाई. तिचा नवरा कंपनीच्या भारतातल्या शाखेतून बदलून आलेला, म्हणून तिचा व्हिसा एल-२. या बायकांना नोव्हेंबर २०२१ पासून वेगळ्या परवान्याची गरज उरलेली नाही. दोघींचे शिक्षण सारखे, नवऱ्यांचे काम सारखे. फरक एका अक्षराचा आणि एका आकड्याचा. जर्मनीत ब्लू कार्डावर गेलेल्याच्या बायकोला तर पहिल्यापासूनच नोकरीची मोकळीक असते.

आता चकल्यांची गोष्ट सांगते. आदल्या दिवाळीत दंतवैद्यबाईंनी घरी भाजणी करून चकल्या केल्या. त्या अशा उतरल्या की मंडळाच्या कार्यक्रमात तोंडोतोंडी झाल्या. गावातल्या एक वडीलधाऱ्या काकू दुसऱ्याच दिवशी घरी हजर. "मला शंभर करून दे. काय होतील ते पैसे घे, लाजू नकोस." बाईंची पंचाईत! करायला हात शिवशिवत होते आणि पैसे घेतले तर कायद्याचा भंग. काकूंना ते पटेना. काका १९७० सालच्या सुमारास गेलेले. १९६५च्या कायद्याने दारे नुकतीच उघडली होती, रांग लागायची होती. ग्रीन कार्ड लवकर मिळाले आणि काकूंनी आल्या वर्षी बँकेत नोकरी धरली. "आम्हीसुद्धा नवीनच होतो की! तुम्हा मुलींना उगाच भीती," असे त्यांचे म्हणणे. एकाच देशात, एकाच गावात, एकाच भाषेत बोलणाऱ्या दोन बायका. पण काकूंची अमेरिका वेगळी आणि हिची वेगळी. शेवटी बाईंनी शंभर चकल्या तळल्या आणि तशाच दिल्या. आठ दिवसांनी डबा परत आला तो काठोकाठ बदाम-काजूंनी भरलेला. डबा रिकामा परत करायचा नाही ही आपली रीत अमेरिकेच्या कायद्याला ठाऊक नाही, हे एक बरेच आहे.

ज्या गोष्टीने मला झोप लागली नाही, ती मात्र आमच्याच घरातली. बहीण पुण्यात नोकरीला होती तेव्हा बाबांच्या औषधांचा निम्मा खर्च ती करी आणि निम्मा मी. लग्नानंतर तिचा निम्मा बंद पडला. मेहुणे भला माणूस. त्यांनी आपणहून विचारले होते. पण आई म्हणाली, "जावयाचे पैसे औषधाला? नको गं बाई." बहिणीनेही आग्रह धरला नाही. एका रात्री भांडी आवरताना ती म्हणाली, "ताई, तो कधी नाही म्हणत नाही. पण विचारावं लागतंच ना? त्याच्या वाढदिवसाला त्याच्याच पैशांनी त्याला शर्ट घेतला. तो खूश झाला, आणि मला दुकानाची पावती लपवावीशी वाटली." मी तिला काही समजावले नाही. मी स्वतः गेली वीस वर्षे पगार घेते आहे. मी काय समजावणार?

पल्लवी बॅनर्जी यांनी 'द ऑपॉर्च्युनिटी ट्रॅप' या २०२२च्या पुस्तकात अशा भारतीय कुटुंबांचा अभ्यास मांडला आहे. तंत्रज्ञांच्या बायका आणि परिचारिकांचे नवरे, दोन्हींचा. एमी भट्ट यांचे 'हाय-टेक हाउसवाइव्ज' त्याआधीचे, २०१८चे. अभ्यासक याकडे पाहत आहेत हे चांगलेच. पण लग्न जमवणाऱ्यांनीही पाहिले पाहिजे. आपण मुलाचे गोत्र, पगार, घराचे हप्ते सगळे विचारतो. आय-१४० झाला आहे की नाही, आणि नसल्यास कंपनी कधी करणार, हा प्रश्न मुलीच्या बापाने बैठकीत विचारला तर त्यात गैर काय? शिकलेल्या मुलीच्या आयुष्यातली दोन वर्षे की सहा, हे त्या उत्तरावर ठरते. माझ्या वर्गातून बाहेर पडणाऱ्या मुलींना मी आता हे उघड सांगते. त्यांतल्या काही हसतात, आणि तास संपल्यावर थांबून आकडा लिहून घेतात.

बहिणीचा परवाना २०२४च्या ऑक्टोबरात आला आणि डिसेंबरात नोकरी लागली; पुण्यातल्या हुद्द्याच्या दोन पायऱ्या खाली, पण लागली. जानेवारीत बाबांच्या खात्यात पैसे जमा झाले. बाबांनी बँकेत जाऊन पासबुक भरून आणले, चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि आईपुढे धरली. आईने आकडा पाहिला. मग मला विचारले, "हा परवाना कधीपर्यंतचा गं?"

जून २०२७ पर्यंतचा. पूर्वी नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला, की काही अटींवर जुन्या परवान्याला आपोआप मुदतवाढ मिळे. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ती मिळत नाही. मुदतीआधी सहा महिने अर्ज करता येतो, म्हणून बहिणीने डिसेंबर २०२६च्या पानावर आतापासूनच खूण करून ठेवली आहे. मराठी शाळेतला रविवारचा वर्ग तिने सोडलेला नाही.