हातावर पोट आहे, तर हात जपा!

२०२३ च्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत ठेकेदारामार्फत कामाला जातो. सात वाजताची पाळी धरायची म्हणून पहाटेच मोटारसायकल काढायची आणि वीस-पंचवीस किलोमीटर तोडायचे, हा त्याचा रोजचा परिपाठ. त्या दिवशी कडाक्याची थंडी होती. हातात फुटपाथवर घेतलेले लोकरीचे हातमोजे होते. कारखान्याच्या अलीकडच्या वळणावर खडी पसरलेली. वेग जेमतेम पंधरा-वीसचा. त्याने पुढचा ब्रेक दाबला, तो गरजेपेक्षा जास्त दाबला गेला, चाक सरकले आणि स्वारी आडवी झाली.

आम्ही दवाखान्यात पोहोचलो तेव्हा तो म्हणाला, ''मामा, बोटंच कळत नव्हती हो. ब्रेक किती दाबला तेच समजलं नाही.''

डोक्यावर हेल्मेट होते म्हणून डोके वाचले. पण पडताना माणूस आधी हात टेकतो. लोकर पहिल्या घासणीतच फाटली आणि खडी तळव्यात रुतली. मनगटाचा पहिला एक्स-रे चांगला आला. दुखणे थांबेना म्हणून बारा दिवसांनी पुन्हा काढला, तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या लहानशा हाडाला तडा गेलेला दिसला. त्याला स्कॅफॉइड म्हणतात. हाड काजूएवढे, पण त्याला रक्ताचा पुरवठा कमी, म्हणून ते जुळायला फार वेळ घेते. अडीच महिने हात प्लास्टरमध्ये राहिला. ठेकेदाराचा हिशोब सरळ होता : काम नाही तर दाम नाही. बहिणीने दोन घरची जास्तीची कामे धरली, तेव्हा चूल पेटली.

त्यानंतर आम्ही भाच्याला घेऊन चार दुकाने फिरलो, पुष्कळांना विचारले. जे समजले ते वाचक बंधू-भगिनींसमोर ठेवीत आहोत. हेल्मेटसाठी कायदा आहे, दंड आहे. हातमोज्यांसाठी नाही. म्हणून ती हौसेची वस्तू समजली जाते. ज्याचे पोट हातावर आहे, त्याने तसे समजून चालणार नाही.

तीन गरजा, तिघींची भांडणे

गाडीवरच्या हातमोज्याकडून तीन गोष्टी हव्या असतात : ऊब, बचाव आणि स्पर्श. ऊब हवी म्हणून जाड अस्तर घेतले की लिव्हरचा स्पर्श जातो. स्पर्श हवा म्हणून पातळ घेतला की थंडी शिरते. बचावासाठी फार टणक घेतला की बोटे वाकत नाहीत. तिन्ही गोष्टी पूर्णपणे देणारा मोजा मिळत नाही. आपला रस्ता, आपली वेळ आणि आपला खिसा पाहून मेळ घालावा लागतो.

आधी ऊब. हवा १० अंशांवर असेल आणि आपण ताशी ६० किलोमीटरने जात असू, तर उघड्या कातडीला साधारण ५ अंशांसारखी थंडी लागते. डिसेंबर २०१८ मध्ये नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. निफाड, गोंदियाकडच्या लोकांना तर थंडी नवी नाही. म्हणजे खरा शत्रू वारा. लोकरीच्या विणीतून वारा आरपार जातो, दवाने ती भिजते आणि लिव्हरवर निसटतेही. वारा अडवणारे बाहेरचे आवरण असेल, तर आत पातळ अस्तरही पुरते.

दुसरे असे की, छाती-पोट गारठले की शरीर आतले अवयव जपण्यासाठी हातापायांचे रक्त आखडते घेते. त्यामुळे हात गार पडत असतील तर आधी छातीवर वारा अडवणारे जाकीट घाला, गळा झाका. नुसते हातमोजे जाड करून भागत नाही. आणि मोजा घट्ट असेल तर रक्त अडते व ऊब धरणारी हवाही आत राहत नाही. तंग मोजा जाड असला तरी थंडच.

आता स्पर्श. क्लच आणि ब्रेक आपण डोळ्यांनी नव्हे, बोटांनी चालवतो. तळव्याकडची बाजू पातळ आणि मऊ असावी, ऊब देणारे जाड अस्तर हाताच्या पाठीवर असावे. वारा तिकडूनच लागतो. तळवा जाड असला की मूठ जाड होते आणि तासाभरात मनगटाच्या वरचा हात भरून येतो. कारखान्यातले वेल्डिंगचे चामडी मोजे घालून गाडी चालवणारे आम्ही पाहिले आहेत. ते ठिणगीसाठी ठीक. गाडीवर त्यात स्पर्शही नाही आणि पडल्यावर ते हातात राहतही नाहीत.

तिसरा बचाव. तळव्यावर अस्सल चामडे असावे. बकऱ्याचे चामडे पातळ असूनही चिवट असते, म्हणून स्पर्श आणि बचाव दोन्ही बऱ्यापैकी साधतात. गाय-म्हशीचे चामडे जाड, टिकाऊ, पण सुरुवातीला ताठर. रेक्झिनला चामडे म्हणून विकणारे पुष्कळ. मोज्याची कापलेली कड दिसत असेल तर पाहा : आत तंतू दिसले तर चामडे, कापडाचा थर दिसला तर रेक्झिन. तळव्याच्या मनगटाकडच्या भागावर टणक, गुळगुळीत पट्टी असेल तर उत्तम. पडल्यावर हात रस्त्याला अडकून न राहता घसरतो आणि मनगटावरचा झटका कमी होतो. भाच्याचे हाड मोडले ते याच जागी. बोटांच्या सांध्यांवरही कवच असावे.

युरोपात दुचाकीच्या हातमोज्यांसाठी 'ईएन १३५९४' हे मानक आहे. आतल्या लेबलावर हा आकडा असेल, तर घासणे, शिवण उसवणे, हातातून निसटणे यांच्या चाचण्यांना तो मोजा उतरला असे समजावे. त्यात १ आणि २ अशा पातळ्या असतात; २ अधिक मजबूत. 'केपी' ही अक्षरे सांध्यांच्या संरक्षणाची.

दुकानात काय पाहाल?

टेपने हाताचा घेर मोजा : अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी. त्यावरून माप ठरते. मोजा घालून हँडलची मूठ धरल्यासारखी बोटे वाकवा, जमल्यास आपल्याच गाडीवर बसून पाहा. तळव्यात कापडाचा गोळा होत असेल किंवा टोकाशी शिवण नखाला टोचत असेल, तर घेऊ नका. बोटांच्या टोकाशी किंचित जागा असावी, पण टोक लिव्हरमागे लोंबता कामा नये.

मग मनगटाचा पट्टा आवळा आणि दुसऱ्या हाताने मोजा बोटांकडून ओढा. निघून आला तर तो कितीही महाग असो, परत ठेवा. पडताना जो हातातून जातो, त्याचा उपयोग काय?

स्कूटीवर कॉलेजला किंवा कामाला जाणाऱ्या आपल्या मुलींना भावाचे जुने मोजे देऊ नका. त्यांचा हात लहान, बोटे निमुळती. सैल मोज्यात ब्रेक निसटतो. त्यांच्या मापाचेच घ्या.

खिशाचा विचार

चांगला जोड दीड-दोन हजारांच्या घरात जातो. ही रक्कम लहान नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून आमचा सल्ला असा : जाड हिवाळी मोजे वेगळे घेण्यापेक्षा चामडी तळव्याचा एकच बरा जोड घ्या, आणि माप घेताना आत पातळ सुती किंवा लोकरी मोजा मावेल एवढी जागा पाहा. थंडीत दोन, उन्हाळ्यात एक. फार थंडी असेल तर हँडलला बांधायची कव्हरे स्वस्त मिळतात. त्यांनी वारा अडतो आणि हातात पातळ मोजा चालतो. मात्र लिव्हर मोकळी फिरते ना आणि हात झटक्यात बाहेर येतो ना, हे गाडी उभी असताना पाहून घ्या.

पावसासाठी आत पाणी अडवणारा पडदा असलेले मोजे मिळतात. पण पडदा आत सरकतो व स्पर्श कमी होतो. ओला हात खसकन ओढला तर अस्तर उलटे बाहेर येते. एकेक बोट सैल करून काढावे. भिजलेले चामडे सावलीत वाळवा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवले की ते कडक होऊन तडकते. महिन्यातून एकदा शिवण तपासा. अंगठ्याच्या बेचक्यात ती आधी उसवते.

आज भाचा पुन्हा कामावर आहे. प्लास्टर निघाले, पण थंडीत मनगट अजून दुखते. पहिला पगार हातात आला तेव्हा बहीण म्हणाली, ''अरे, आधी त्याच्या हातांचं बघ, घराचं आपण बघू.'' आम्ही त्याच संध्याकाळी जोड घेतला. तिने तो स्वतःच्या हातात घालून, मूठ मिटून, ओढून पाहिला. निघाला नाही, तेव्हाच तिने पैसे मोजले.

अडीच महिन्यांच्या बुडालेल्या मजुरीसमोर ते पैसे किती, हा हिशोब आम्हा कारकुनांना वेगळा मांडावा लागत नाही. आपल्या घरातला जो कोणी उद्या पहाटे गाडी काढणार असेल, त्याचे हात आज रात्री एकदा पाहून घ्या.