समान काम, समान मजुरी : शेतमजूर स्त्रियांचा कायदेशीर हक्क

संकरित कपाशीच्या बीजोत्पादनात दिवसभराचे काम कळीच्या वयावरून ठरते. दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या मादी वाणाच्या कळ्या दुपारनंतर निवडून त्यांतील परागकोश काढायचे आणि सकाळी नर वाणाचे पराग त्यांच्या कुक्षीवर लावायचे, हे सारे हातानेच करावे लागते. सुरत येथील संशोधन केंद्रातून १९७० मध्ये ‘एच-४’ हा व्यापारी लागवडीचा पहिला संकरित कापूस वाण पुढे आला. तेव्हापासून देशातील संकरित कपाशीचे बीजोत्पादन प्रामुख्याने या हस्तकौशल्यावर उभे आहे. परागकोशाचा अंश कळीत राहिला तरी स्वपरागीकरण होऊन बियाण्याची शुद्धता घटते. इतकी एकाग्रता व जबाबदारी मागणारे हे काम मोठ्या प्रमाणावर स्त्रिया करतात. मजुरी ठरविताना मात्र ते ‘बायकांचे हलके काम’ मानले जाते.

हा प्रश्न कपाशीपुरता मर्यादित नाही. ‘गड्याची मजुरी’ आणि ‘बाईची मजुरी’ असे दोन दर अनेक गावांत रूढ आहेत. हा भेद केवळ रूढीचा आहे. कायद्याचा त्याला आधार नाही.

कायद्याची भूमिका

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ (घ) मध्ये स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन हे राज्याच्या धोरणाचे एक तत्त्व म्हणून नमूद आहे. त्याला अनुसरून समान पारिश्रमिक अधिनियम, १९७६ अस्तित्वात आला. पुढे हा कायदा, तसेच किमान वेतन, वेतन प्रदान व बोनस यांविषयीचे कायदे वेतन संहिता, २०१९ मध्ये एकत्र करण्यात आले. केंद्र सरकारने ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केली.

संहितेच्या कलम ३ नुसार एकाच मालकाकडील समान किंवा समान स्वरूपाच्या कामासाठी वेतनात लिंगाधारित भेदभाव करता येत नाही. असे काम देताना व सेवाशर्ती ठरवितानाही हाच नियम आहे. अपवाद फक्त कायद्यानेच स्त्रियांना मनाई किंवा निर्बंध असलेल्या कामांचा. समानता साधण्यासाठी पुरुषांचा दर खाली आणणे हा मार्गही कायद्याने बंद केला आहे. वाढवायचा तो कमी असलेला दर.

काम समान आहे, हे कसे ठरवावे?

संहितेने त्यासाठी चार निकष दिले आहेत : कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी. सारख्या परिस्थितीत केलेल्या दोन कामांत या निकषांवर व्यवहारात महत्त्वाचा फरक नसेल, तर ती कामे समान स्वरूपाची ठरतात. कामाला कोणते नाव दिले आहे, याने फरक पडत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये मॅकिनन मॅकेंझी विरुद्ध ऑड्री डिकॉस्टा या मुंबईतील प्रकरणात हीच दृष्टी स्वीकारली होती. तेथे स्त्री लघुलेखकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन मिळत असे. कामगार संघटनेशी झालेला करार किंवा मालकाची आर्थिक अडचण ही भेदभावाची सबब होऊ शकत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ‘गावात हाच दर चालतो’ किंवा ‘यंदा भाव पडले’ ही कारणेही याच कसोटीवर तपासावी लागतील.

फवारणीचे उदाहरण यादृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. पंप पाठीवर घेणाऱ्या पुरुषास जोखमीचे काम म्हणून जादा दर मिळतो. अनेक ठिकाणी पाणी वाहून आणणे व द्रावण तयार करणे ही कामे स्त्रीकडे असतात. परंतु द्रावण तयार करताना कीटकनाशकाचा संपर्क मूळ तीव्र स्वरूपात येतो. त्यामुळे ही जोखीम किरकोळ मानता येत नाही. दोन्ही कामे आपोआप समान ठरतील असे नाही. मात्र दरातील फरकाचे कारण कामात दाखविता आले पाहिजे. संरक्षक साधने तर दोघांनाही मिळावयास हवीत.

नोंदी आणि दाद

आपण ‘मालक’ या व्याख्येत येत नाही, असा अनेक शेतकऱ्यांचा समज असतो. प्रत्यक्षात शेतीसाठी पाचपेक्षा अधिक व्यक्ती कामास ठेवणाऱ्यास हजेरी व वेतनाची नोंदवही ठेवणे आणि वेतनचिठ्ठी देणे आवश्यक आहे. पाच किंवा त्याहून कमी मजूर असल्यास यातून सूट आहे. तथापि मागणी होताच मजुरी दिल्याचा वाजवी पुरावा निरीक्षकापुढे सादर करावा लागतो.

कमी मजुरीबद्दल स्वतः मजूर, नोंदणीकृत कामगार संघटना किंवा निरीक्षक तीन वर्षांच्या आत सक्षम प्राधिकाऱ्याकडे दावा दाखल करू शकतात. देय रक्कम पूर्ण दिली, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. प्राधिकारी दाव्याच्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई मंजूर करू शकतो. देय रकमेपेक्षा कमी वेतन दिल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाचीही तरतूद आहे. म्हणूनच साधी, पण नियमित नोंदवही ही मजुराइतकीच शेतकऱ्याच्याही हिताची आहे.

विस्तार कार्यकर्त्यांची भूमिका

प्रात्यक्षिक प्रक्षेत्रावर मजूर लावताना दर व्यक्तीनुसार न ठरविता कामानुसार ठरवावा आणि तो सर्वांसमोर जाहीर करावा. उक्त्या कामात क्षेत्राला किंवा वजनाला एकच दर असावा. मजुरी मुकादमामार्फत दिली जात असल्यास ती प्रत्येक स्त्रीच्या हाती किंवा तिच्या स्वतःच्या बँक खात्यात पोहोचते, याची खातरजमा करावी. पुरुषांसाठी राखलेली जादा दराची कामे, जसे यंत्र चालविणे किंवा कामगंध सापळ्यांतील पतंगांची नोंद घेणे, यांच्या प्रशिक्षणात स्त्रियांनाही स्थान द्यावे. अन्यथा ‘तिला ते जमत नाही’ हे कारण वर्षानुवर्षे कायम राहते.

पिकाचा उत्पादन खर्च मांडताना स्त्रीच्या श्रमाचा दर कमी धरला, तर तो हिशेबच चुकीचा ठरतो. खुरपणीपासून वेचणीपर्यंत जिच्या हातांवर पीक उभे राहते, तिला कामाचे पूर्ण मोल देणे ही मेहेरबानी नसून कायद्याने सांगितलेले देणे आहे.