स्वतःस बोलावणारे फलन

चार मात्रांचा चरण लघु व गुरु अक्षरांनी किती प्रकारे भरता येईल? लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. शेवटचे अक्षर लघु असल्यास त्यामागे तीन मात्रा उरतात, गुरु असल्यास दोन. म्हणून तीन मात्रांचे ३ आणि दोन मात्रांचे २ मिळून ५ प्रकार होतात. हा बेरजेचा नियम आचार्य हेमचंद्र यांनी इ. स. ११५० च्या सुमारास छंदःशास्त्राच्या विवेचनात दिला आहे.

संगणकाच्या आज्ञावलीत हा नियम जसाच्या तसा उतरविता येतो. ठराविक काम करणाऱ्या आज्ञांच्या स्वतंत्र गटास फलन म्हणतात. त्यास संख्या पुरविली की ते उत्तर परत करते. प्रस्तुत फलन दिलेल्या संख्येतून एकदा एक व एकदा दोन वजा करते, त्या दोन्ही संख्यांसाठी स्वतःसच बोलाविते आणि आलेल्या उत्तरांची बेरीज करते. शून्य व एक मात्रेचे उत्तर १, हे मात्र आधीच सांगून ठेवावे लागते. एरवी हे बोलावणे थांबणारच नाही. नवशिक्याचा हात बहुधा येथेच चुकतो.

प्रारंभी ही सोय नव्हती. केंब्रिज येथे १९४९ साली सुरू झालेल्या एडसॅक यंत्रासाठी डेव्हिड व्हीलर यांनी जी पद्धत बसविली, तीत काम संपल्यावर कोठे परतावयाचे हे त्या आज्ञागटाच्या आतच एका ठरलेल्या जागी लिहिले जाई. गटाने स्वतःस बोलाविले असते तर नवा पत्ता जुन्यावर लिहिला जाऊन परतीची वाट हरवली असती. पुढे असे पत्ते ताटांच्या चळतीप्रमाणे एकावर एक रचण्याची युक्ती रूढ झाली. शेवटी ठेवलेला पत्ता प्रथम उचलावयाचा. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६० साली या युक्तीचे विवेचन प्रसिद्ध केले.

वाट सापडली, तरी श्रम राहिलेच. तीस मात्रांचे उत्तर १३,४६,२६९ आहे. ते काढण्यास हे फलन २६,९२,५३७ वेळा बोलाविले जाते. एवढा प्रपंच निव्वळ बेरजेसाठी! कारण असे की, अठ्ठावीस मात्रांचे उत्तर तीसलाही हवे असते आणि एकोणतीसलाही, आणि ते दर वेळी मुळापासून काढले जाते. यावर उपाय सोपा आहे. फलनास एक तक्ता द्यावा, निघालेले प्रत्येक उत्तर त्यात नोंदवावे व नव्याने गणित मांडण्यापूर्वी तो पाहावा. मग शून्यापासून तीसपर्यंतची ३१ उत्तरे एकेकदाच काढावी लागतात.

अर्थात, त्याच संख्येस नेहमी तेच उत्तर देणाऱ्या फलनासच हा तक्ता मानवतो. घड्याळातील वेळ सांगणाऱ्या फलनास तो दिला, तर ते दिवसभर सकाळचीच वेळ सांगत राहील.